आणखी एक जिना

गजूभाऊ शटर ओढायचे ते पूर्ण, जमिनीला टेकेपर्यंत. अर्धं ठेवलं तर रस्त्यावरचा उजेड आत येतो आणि उजेडात माणूस फार शहाणपणा करतो, असं त्यांचं म्हणणं. अमरावतीच्या फळबाजारामागे त्यांचं गोदाम होतं. रविवारी दुपारी बाजार थंड असताना आम्ही तिघं तिथे संत्र्याच्या रिकाम्या क्रेटवर बसायचो. भर मे महिन्यातही कूलर बंद. “त्याच्या घरघरीत माहा आवाज मरते,” म्हणायचे, आणि घाम पुसायला प्रत्येकाला एकेक दुपट्टा द्यायचे. डोक्यावर एकच दिवा. त्या दिव्याखाली ते जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू पसरायचे, तिच्यावर पेन्सिलीनं दोन रेघा ओढायचे आणि सुरू व्हायचे. “जिना संपला. कोठीतरी पानी ठिबकून राह्यलं. समोर काय हाय ते दिसत नाई. मशाल कोनाच्या हाती हाय?”

हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं, तरी दर वेळी पाठीतून काहीतरी सरकायचंच.

खेळ तसा सोपा आहे. एक जण जग उभं करतो आणि बाकीचे त्यातली माणसं होतात. कुणी तलवारवाला, कुणी चोर, कुणी मंत्र जाणणारा. आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं, जमलं की नाही ते वीस बाजूंचे फासे ठरवतात. बहुतेक ठिकाणी सुरुवात डंजनपासून होते. डंजन म्हणजे जमिनीखालचं भुयार, त्यातली दालनं, सापळे, श्वापदं आणि कुठेतरी तळाशी खजिना. खेळणारे जरा मुरले की भुयारातून वर येतात आणि राजदरबार, कटकारस्थानं, दूरदूरचे देश असलं काहीबाही खेळतात. पुण्यात शिकताना मी तेच खेळले होते. तिथे आम्ही भुयाराला बालवाडी समजायचो. गजूभाऊ मात्र भुयारातून बाहेर यायलाच तयार नसत.

गजूभाऊ अडत्ये होते. वरूडकडचे बागायतदार संत्रा त्यांच्याकडे आणत आणि ते त्याचा हर्रास, म्हणजे लिलाव करत. अडत्याला स्वतः ओरडायची गरज नसते, त्यासाठी माणूस ठेवता येतो. पण आपला माल दुसऱ्याच्या गळ्यातून विकलेला त्यांना खपत नसे. आणि गळाही तसाच होता. सकाळी क्रेटच्या ढिगावर उभं राहून बोली पुकारू लागले की पलीकडच्या गल्लीतल्या चहावाल्याला आज भाव चढलाय की पडलाय ते नुसत्या आवाजावरून कळायचं. या आवाजाचा त्यांना भारी गर्व. लोकांच्या लग्नात माइकवाल्याला बाजूला सारून मंगलाष्टकं म्हणायचे, कुणी बोलावलेलं नसताना. एरवी माणूस काही फार गोड नव्हता. हट्टी, पटकन रुसणारा, गालात कायम खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा तोबरा, आणि अकोल्याला गाव मानायचीही तयारी नाही. मी अकोल्याची.

त्यांची मुलगी मृणाल माझी मैत्रीण. ती दातांची डॉक्टर, अमरावतीतच तिचा दवाखाना आहे. खेळ घरात आणला तिनं. आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात खेळत असताना गजूभाऊ खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. एकदा त्यांना राहवलं नाही. “अशी कुजबुज करून कोनी भेते काय?” असं म्हणून त्यांनी सगळा खेळच ताब्यात घेतला आणि पुन्हा कधी सोडला नाही. तिसरा गडी वसीम. त्याचं बाळापूरला औषधांचं दुकान. तो मोटारसायकलनं अकोल्याला यायचा आणि तिथून आम्ही दोघं एसटीनं अमरावती गाठायचो.

सुरुवातीला मी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, भाऊ, नुसतं भुयार काय खेळायचं, एखादं शहर घ्या, राजकारण घ्या, गोष्ट घ्या.

“मॅडम,” ते म्हणाले, आणि मॅडम म्हणताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा नेहमी वर जायचा, “वरती मानूस बोलून निभावते. सौदा नाई पटला तं उठून जाते. भुयारात कोठी जाता? डावं, उजवं, नाई तं मांगं. आन् मशाल इझून राह्यली. आता सांगा, कोन कसा हाय ते दिसते का नाई?”

दिसायचं. हे मला कबूल करावंच लागतं. दरबारात मी तासभर सुंदर सुंदर बोलायचे आणि काहीच ठरवायचे नाही. गजूभाऊंच्या भुयारात ते चालत नसे. दारापुढे उभं राहून आम्ही घोळ घालायला लागलो की ते हर्रासातलं हत्यार काढायचे. “दरवाजा उघडता का नाई? एक वार…” आवाज अगदी खाली. “दोन वार…” तोपर्यंत कुणी काही बोललं नाही तर ‘तीन वार’ म्हणून पेन्सिल खाली ठेवायचे, आणि मग जे व्हायचं ते भुयार ठरवायचं. एकदा मी अशीच विचार करत बसले आणि माझ्या मंत्रवाल्याचा हात कोपरापासून गेला. बाजार संपल्यावर आलेल्या गिऱ्हाईकाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

फासे ते परातीत टाकायचे, स्वयंपाकघरातून आणलेल्या पितळी परातीत, सगळ्यांच्या मधोमध. पुण्यात खेळ चालवणारे पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे फासे टाकतात, म्हणजे वेळ पडली तर आकडा सांभाळून घेता येतो. मी ते सांगितलं तेव्हा त्यांना राग आला, खरोखरचा. जुन्या बाजारात दोन व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत, शेतकऱ्याला कळू नये म्हणून. “रुमालाखालचा सौदा माह्या दुकानात नाई,” ते म्हणाले. “जे पडन ते सगळ्यायसमोर पडन.” आणि तसंच पडायचं. स्वतःच्या मुलीचा योद्धा त्यांनी दोनदा मारला होता, त्यातला एकदा तिच्या वाढदिवसाला.

मग एका रविवारी त्यांचा ‘दोन वार’ अर्ध्यात फाटला.

त्यांनी खाकरलं, पाणी प्यायलं, चुना जास्त झाला म्हणाले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मृणाल दिवसभर लोकांची खर्र्यानं नासलेली तोंडं पाहायची आणि घरी बाप तिच्यासमोर तोंड उघडत नसे. “आ करा” म्हटलं की उठून गोदामात. शेवटी तिनं भांडून, रडून त्यांना नागपूरला नेलं. स्वरयंत्रावर गाठ होती. डॉक्टर स्पष्ट बोलले. स्वरयंत्र काढून टाकावं लागेल, मग माणूस वाचेल. थांबलात तर ते घशातून पुढे सरकेल आणि मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही.

परतीच्या वाटेवर तिवस्याला चहाला थांबले तेव्हा गजूभाऊ मृणालला म्हणाले, “आवाज काढून घेतात म्हने. मंग उरलेल्याले घेऊन म्या काय करू?” हे तिनंच मला नंतर सांगितलं.

बरेच दिवस ते नाहीच म्हणत राहिले. मग एका रविवारी, शटर ओढायच्या आधी, मृणालनं आमच्यादेखत हात जोडले. त्यांना ते सहन झालं नाही. “बरं,” म्हणाले, “हे भुयार संपू दे. संपलं का त्याच दिवशी निंगतो. शब्द देतो.” गजूभाऊंचा सगळा धंदा तोंडी शब्दावर चालायचा आणि तो त्यांनी कधी फिरवलेला आम्ही पाहिला नव्हता. मृणालचा चेहरा उजळला. ते भुयार संपतच आलं होतं. तळाशी एका मेलेल्या राजाचं दालन होतं आणि आम्ही त्याच्या दारात उभे होतो.

त्या दुपारी आम्ही राजाला हरवलं. वसीम टाळ्या वाजवत उभा राहिला. गजूभाऊंनी शांतपणे कॅलेंडरचं नवीन पान उलटं केलं. “सिंहासन सरकलं,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “खाली आनखी एक जिना हाय.”

पुढच्या रविवारी त्या जिन्याखाली जमिनीतली नदी निघाली. नदीपलीकडे खाणी. खाणींच्या तळाशी जिना. दर रविवारी आवाज थोडा कमी आणि भुयार थोडं जास्त. ते फसवत नव्हते, हे सांगायला हवं. प्रत्येक दालन नीट रचलेलं, इतकं सुंदर की भीतीसोबत हेवा वाटावा. पण एसटीत वसीम खिडकीबाहेर बघत म्हणाला, “मॅडम, आपन उतरून राह्यलो आन् हा मानूस खोदून राह्यला. ह्याचा तळ कधीच येनार नाई.”

म्हणून आम्ही ठरवलं, पळायचं. बडनेरा येईपर्यंत फोनवर मृणालशीही बोलणं झालं. काही शोधायचं नाही, कुठे थांबायचं नाही, खजिना दिसला तरी हात लावायचा नाही. जिना दिसला की खाली, पुन्हा जिना की पुन्हा खाली. त्यांच्या रचण्यापेक्षा आपण जास्त वेगानं उतरायचं. केवढा मूर्खपणा होता तो! पण त्या वेळी आम्हाला दुसरं काही दिसत नव्हतं.

गजूभाऊंना ते दोन दालनांतच कळलं. “दरवाज्याले कान लावता का?” त्यांनी विचारलं.

“नाई भाऊ. चला समोर.”

“फरशी पाहता?”

“नाई.”

त्यांनी वसीमकडे पाहिलं. वसीमचा चोर आमच्यातला सगळ्यात जुना गडी. वर्षापेक्षा जास्त खेळलेला, बोट ठेवण्याआधी प्रत्येक दगड चाचपणारा, कधीही न फसलेला. “मी इचारून राह्यलो, फरशी पाहता का?”

“नाई, भाऊ.”

परातीत फासा वाजला आणि वसीमचा चोर फरशीसकट खाली गेला. दोर टाकायला वेळ नव्हता. गजूभाऊंनी पानावर एक फुली मारली. खेळातलाच माणूस, पण वर्षभर बाळगलेला.

“माह्यावर दया करून राह्यले काय?” गजूभाऊंचा आवाज मोठा झाला आणि मध्येच तुटला, नुसती हवा बाहेर आली. त्यांनी परातीवर थाप मारली. “दया कराची असन तं दवाखान्यात केळं घेऊन येजा. इथं खेळाले आले तं खेळा!” एवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं. मृणाल उठली, शटर वर केलं आणि उन्हात जाऊन उभी राहिली. त्या दिवशी खेळ तिथेच मोडला. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एका माणसाचा जीव वाचवायला आम्ही धडपडत होतो आणि तो माणूस फरशीचा हिशेब मागत होता.

पुढचा रविवार आला तोवर नागपूरहून डॉक्टरांचा फोन आला होता, आता थांबू नका म्हणून. गजूभाऊंचं बोलणं म्हणजे घासल्यासारखी कुजबुज उरली होती. शेजारी कोमट पाण्याचा थर्मास. वसीमनं नवा गडी घेतला होता, कोठडीत सापडलेला एक कैदी. आम्ही नीट खेळलो, फरशी पाहत, दाराला कान लावत. एका भिंतीपाशी गजूभाऊ थांबले, घोट घेतला आणि म्हणाले, “भिंतीमांगं जिना हाय. खालून गार वारा येऊन राह्यला. उतरता? एक वार…”

“नाई,” मृणाल म्हणाली.

“काय नाई?”

“आमी खाली जात नाई, बाबा. आमी मांगं फिरतो. घरी जातो.”

गजूभाऊ तिच्याकडे बघत राहिले. “खजिना?”

“ठेवा तुमालेच.”

“अर्ध्यातून कोनी जाते काय?”

“काहून नाई जात? तुमी बांधलं हाय का आमाले?”

त्यांनी बांधलं नव्हतं. भुयारातून परत फिरायला त्यांच्याकडे कधीच बंदी नव्हती, फक्त आमच्यापैकी कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. गजूभाऊंनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. “आयका मंग,” ते म्हणाले. “जिवंत बाहेर निंगाले तं भुयार संपलं. मेले तं नाई संपलं. नवीन लोकं उतरतीन.” त्यांनी मृणालला असं समोरासमोर सांगितलं, आणि तिनं मान हलवली.

मग आम्ही उलटे निघालो. खाणी, नदी, नदीवरचा दोर. मशाली संपत आल्या होत्या. मी आयुष्यात परीक्षेला, मुलाखतीला, कशालाच इतकी घाबरले नाही. एकेका दालनावर गजूभाऊंचं बोट यायचं आणि आम्ही त्या बोटाला खिळून राहायचो, कारण पानावर नुसत्या रेघा होत्या, आमच्यामागे कुठल्या दालनात काय येऊन बसलंय ते फक्त त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी तिथे काहीही उभं केलं असतं तरी आम्हाला कळलं नसतं. राजाच्या दालनात बोट बराच वेळ थांबलं. ओठ हलले. मृणालनं मुठी आवळल्या. “इथं काई नाई,” ते शेवटी म्हणाले. “रिकामं हाय. तुमीच केलं होतं.”

शेवटचं होतं पहिल्याच मजल्यावरचं लोखंडी दार. आम्ही उतरताना ते वर अडकवून ठेवलेलं. आता त्याची साखळी तुटली. मृणालच्या योद्ध्यानं ते खांद्यावर झेललं, वसीम आणि मी खालून सरपटत बाहेर पडलो. ती आत. दार तिला दाबतंय की ती निसटतेय, हे गजूभाऊंच्या फाशावर होतं. मोठा आकडा पडला तर दार जिंकणार. आणि तिघांपैकी एक जरी आत राहिला तर भुयार संपलं असं ते म्हणणार नाहीत, हे आम्ही ओळखून होतो.

त्यांनी फासा टाकला. तो परातीत गरगरला, काठावर चढला आणि तिथेच तिरपा टेकून राहिला. वर एकोणीस.

वसीमनं “या अल्ला” म्हटलं. मृणाल फाशाकडे बघतच नव्हती, ती बापाकडे बघत होती. टेकलेला फासा मोजायचा नाही, असा बहुतेक ठिकाणी नियम असतो. पण फासा सपाट पडलाय की टेकलाय हे ठरवायचा हक्क खेळ चालवणाऱ्याचा. जरासा तिरपा आहे, चालतो, असं त्यांनी म्हटलं असतं तर आम्ही काय करणार होतो? त्या एका शब्दावर त्यांचा आवाज आणखी काही महिने त्यांच्याकडे राहिला असता. त्यांनी मान वाकवून, परात न हलवता, फासा अगदी जवळून पाहिला. त्यांच्या कपाळावरून घामाचा थेंब परातीत पडला.

“टेकला,” ते म्हणाले. “मोजत नाई.”

फासा उचलला, पुन्हा टाकला. या वेळी तो मधोमध पडला. चार.

“निंगाली,” गजूभाऊ म्हणाले.

मला वाटलं, आता ते पान गुंडाळतील. पण त्यांनी थर्मासमधलं उरलेलं पाणी प्यायलं आणि बोलायला लागले. बाहेर काय आहे ते सांगायला लागले. बाहेरचं जग त्यांनी आम्हाला कधी दिलंच नव्हतं. आम्ही नेहमी जिन्यापाशीच सुरू करायचो. आता ते सांगत होते की पायाखाली काळी माती आहे, नांगरलेली, ढेकळं अजून ओली. समोर संत्र्याची बाग आहे, बहार आलाय, फुलांचा वास इतका की डोकं भणभणतं. विहिरीवर कुणी बाई बादली ओढून राहिली. बांधावर म्हातारा बसलाय, तो हात वर करून विचारतो, कुठून आले रे तुम्ही? प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा बारीक. शेवटी शेवटी आम्ही तिघं क्रेटवरून पुढे वाकून त्यांच्या तोंडाजवळ कान नेले होते. थांबा असं कुणीही म्हणालं नाही. मृणालच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मग ते थांबले. पेन्सिल खाली ठेवली, खिशातली खर्र्याची पुडी काढून क्रेटमध्ये टाकली आणि म्हणाले, “संपलं. गाडी काढ.”

तिच्या गाडीच्या डिकीत त्यांची बॅग कधीपासून भरून पडली होती.

नागपूरला व्हायचं ते झालं. गजूभाऊ आज आहेत, हर्रास आता त्यांचा पुतण्या बोलतो आणि ते गादीवर बसून त्याच्याकडे नाराजीनं बघतात. पण मला ते आठवतात ते त्या दुपारचे. वसीम आणि मी शटरपाशी उभे होतो. ऊन डोळ्यांत जात होतं. गजूभाऊ मृणालशेजारी पुढच्या सीटवर बसले, आमच्याकडे पाहिलंही नाही. काच वर होती, इंजिन सुरू होतं, आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. तरी ते बोलत होते हे दिसत होतं. हातवारे करत, तिच्याकडे वळून, मध्ये खाकरून पुन्हा बोलत. मृणाल एरवी त्यांना वाक्य पुरं करू द्यायची नाही. त्या दिवशी ती गाडी अगदी हळू चालवत होती. नागपूर रोडकडे वळेपर्यंत ते बोलतच होते.